लाँग-अ‍ॅक्टिंग इन्सुलिन बदललंय? फोंड्यातल्या फार्मसीच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्यात फार्मसी चालवते आणि माझी आई सोळा वर्षं इन्सुलिनवर आहे. त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. २०२३ साली आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या डायबिटिस पाहणीचे आकडे आले, त्यात डायबिटिसचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात निघालं: २६.४ टक्के. देशाचा आकडा ११.४. मला नवल वाटलं नाही, संध्याकाळी दुकानात लागणारी रांग तेच सांगते. त्या रांगेत हल्ली वरचेवर ऐकू येतं, "बाय, डॉक्टरांनी इन्सुलिन बदललं. आता?"

तुमचा डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. केबिनमध्ये विचारायचं राहून जातं आणि मग माझ्याकडे विचारलं जातं, तेवढंच इथे लिहिलं आहे.

लाँग-अ‍ॅक्टिंग म्हणजे नेमकं कोणतं इन्सुलिन?

आपण जेवलो नाही तरी लिव्हर रक्तात साखर सोडत असतं, झोपेतसुद्धा. तिला आवर घालणारं ते बेसल, म्हणजे लाँग-अ‍ॅक्टिंग. जेवणानंतर चढणारी साखर हे त्याचं काम नाही.

सर्वांत जुनं एनपीएच. ते १९४०च्या दशकातलं, दिसायला गढूळ. घेतल्यावर चार ते दहा तासांच्या मध्ये कधीतरी त्याचा जोर येतो आणि मग ओसरतो. ग्लार्जिन (लँटस, बेसालॉग) पाण्यासारखं स्वच्छ, साधारण चोवीस तास चालणारं. त्याचंच तिप्पट तीव्रतेचं रूप म्हणजे टूजिओ. ते आणखी संथ. डेग्लुडेक (ट्रेसिबा) बेचाळीस तासांहूनही जास्त टिकतं, तरी घ्यायचं रोजच. डेटेमिर (लेव्हेमिर) काहींना दिवसातून दोनदा लागतं. अमेरिकेत त्याचा पुरवठा २०२४च्या अखेरीस थांबला, तेव्हा तिथे असलेल्या मुला-नातवंडांकडून "आमचं इन्सुलिन बदललं" असे फोन इथे आले.

मिक्स्टार्ड ३०/७० घेत होता आणि आता ग्लार्जिन लिहून दिलंय? मग तुमचा बदल निराळा आहे. मिक्स्टार्डमध्ये ७० टक्के एनपीएच आणि ३० टक्के जेवणासाठीचं जलद इन्सुलिन असतं. नुसत्या ग्लार्जिनवर आलात की तो जेवणाचा वाटा गेला. त्याच्या जागी काय घ्यायचं, गोळी की वेगळं इंजेक्शन, हे विचारल्याशिवाय दवाखान्यातून बाहेर पडू नका.

माझं तर बरं चाललं होतं. मग बदललं का?

रात्रीची शुगर उतरत असेल, दिवसातून दोनदा टोचण्याऐवजी एकदा करायचं असेल, किंमत परवडत नसेल, किंवा जुनं बाजारात मिळेनासं झालं असेल. सरकारी आरोग्य केंद्रातून इन्सुलिन नेणाऱ्यांना त्या वेळी जे उपलब्ध असेल त्यावर यावं लागतं. बदलाचं कारण डॉक्टरांना सरळ विचारा, कारण पुढच्या दोन आठवड्यांत काय बघायचं ते त्यावरच ठरतं. रात्रीच्या लो शुगरमुळे बदललं असेल, तर रात्रीचे आकडे बघायला नकोत का?

जुन्याचे तीस युनिट होते. नव्याचेही तीसच?

हे सर्वांत जास्त विचारलं जातं, आणि उत्तर "कशावरून कशावर" यावर अवलंबून आहे.

समजा कोणी सकाळी १२ आणि रात्री १८ युनिट एनपीएच घेतं, म्हणजे दिवसाचे ३०. त्यांना दिवसातून एकदा ग्लार्जिनवर आणताना डॉक्टर बहुधा २० टक्के कमी करून २४ पासून सुरुवात करतात. एनपीएच दिवसातून एकदाच घेत असाल, तर सहसा तितकेच युनिट. लँटसवरून टूजिओवर जाताना सुरुवात तितक्याच युनिटनी होते, पण टूजिओचे युनिट पुढे थोडे जास्त लागतात असा अनुभव आहे. उलट दिशेने, टूजिओवरून लँटसवर येताना, पुन्हा २० टक्के कपात. दिवसातून एकदाच्या ग्लार्जिनवरून ट्रेसिबावर बहुतेक वेळा युनिटला युनिट. आधीचं इन्सुलिन दोनदा घेत असाल किंवा टूजिओवर असाल, तर डॉक्टर थोडं कमी करून बघतात.

हा हिशेब मी डोस ठरवण्यासाठी दिलेला नाही. चिठ्ठीवर आकडा कमी दिसला की लोक म्हणतात, "डॉक्टर चुकले असतील, मी तीसच घेतो." ते चुकलेले नाहीत. कपात मुद्दाम केलेली असते, आधी सांभाळून आणि मग हळूहळू वर.

बदलायच्या दिवशी काय करायचं? जुनं कधी थांबवायचं, नवं कधी घ्यायचं?

डॉक्टरांकडून दोन वेळा लिहून घ्या: जुन्याचा शेवटचा डोस कोणत्या दिवशी किती वाजता, आणि नव्याचा पहिला कधी. "उद्यापासून सुरू करा" एवढ्यावर भागत नाही. रात्री दहाला ट्रेसिबा घेतलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लार्जिन घेतलं, तर अंगात एकाच वेळी दोन इन्सुलिन.

आमच्या घरची गोष्ट सांगते, कारण चूक माझी होती. आई कित्येक वर्षं रात्री दहाला एनपीएच घेत होती. तिला डेग्लुडेकवर आणलं तेव्हा पहिला डोस मीच संध्याकाळी सातला दिला, वहीत लिहिलं, निश्चिंत झाले. जुनं इन्सुलिनचं पेन मात्र फ्रिजच्या दारात, सोलांच्या बरणीशेजारी, नेहमीच्या जागी राहिलं. दहा वाजले, टीव्हीवरची मालिका संपली आणि आईचा हात सवयीने तिकडे गेला. पहाटे तीनच्या सुमाराला ती मला हाक मारत होती, पण शब्द नीट येत नव्हते. परकराची कड घामाने ओली झाली होती. ग्लुकोमीटरवर ४९. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी ६४, पुन्हा तीन चमचे, मग ८८. नंतर दोन बिस्किटं आणि दूध. त्या रात्री मी झोपले नाही, आणि सकाळी डॉक्टरांना फोन करून झाल्या प्रकाराची कबुली दिली.

तेव्हापासून नवं इन्सुलिन न्यायला आलेल्या प्रत्येकाला मी विचारते, "जुनं पेन कुठे ठेवलंय?" नेहमीच्या जागेवरून ते काढा. घरात दोघंजण इन्सुलिनवर असतील तर डब्यांना वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा.

चार दिवस झाले, सकाळची शुगर अजून १८०. नवं इन्सुलिन लागू पडत नाही का?

थांबा. ग्लार्जिनला आपली पातळी गाठायला दोनेक दिवस लागतात, डेग्लुडेकला तीन-चार, टूजिओला पाच किंवा जास्त. आज घेतलेल्या डोसचा काही अंश उद्या उरतो, उद्याचा परवा. असं साठत साठत ते स्थिर होतं. सुरुवातीचे आकडे थोडे वर असणं बऱ्याचदा अपेक्षितच असतं.

अडचण अशी की आपल्याला आकडा रोज दिसतो आणि हात शिवशिवतात. सोमवारी १९०, दोन युनिट वाढवले. मंगळवारी १८५, आणखी दोन. बुधवारी १७०, आणखी चार. आणि शनिवारी रात्री सगळे डोस एकदम अंगावर येतात. म्हणूनच डॉक्टर सहसा तीन-चार दिवसांनी, दोन-तीन उपाशी आकडे बघून, दोन-दोन युनिटनी वाढवायला सांगतात. बऱ्याच जणांसाठी सकाळच्या उपाशी शुगरचं लक्ष्य ८० ते १३० असतं. वयस्कर, किडनीचा त्रास असलेल्या किंवा एकट्या राहणाऱ्या माणसाला डॉक्टर मुद्दाम थोडं वरचं लक्ष्य देतात.

वाट बघण्याला एक मर्यादा आहे, ती पुढे "त्याच दिवशी फोन" या प्रश्नात लिहिली आहे.

रात्री तीनला उठून तपासायलाच हवं का?

पहिल्या आठवड्यात दोन-तीन वेळा, हो. सकाळी शुगर जास्त येते तेव्हा कारणं दोन असू शकतात: इन्सुलिन कमी पडतंय, किंवा रात्री शुगर खाली जाऊन शरीराने ती वर फेकलीय. दोन्हींवर इलाज उलटे आहेत, आणि तीनच्या आकड्याशिवाय फरक कळत नाही. उशी घामाने भिजलेली, भयंकर स्वप्नं, सकाळी डोकं दुखणं, या खुणाही बघा.

७० च्या खाली आलं की लो. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, नाही चढली तर पुन्हा तेच. शुगर वर आली तरी लाँग-अ‍ॅक्टिंगचा परिणाम अजून संपलेला नसतो, म्हणून वर काहीतरी खा आणि दीड-दोन तासांनी परत बघा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. बेबिंक, चॉकलेट या वेळी उपयोगाचं नाही. तूप-नारळासोबतचं गोड हळू चढतं.

व्हायल (इन्सुलिनची बाटली) आणि पेन यांत काही फरक? सिरिंज तर घरात आहेतच.

सिरिंजच्या टोपीचा रंग बघा. एका मिलीलीटरला ४० युनिट असलेल्या व्हायलसाठी लाल टोपी, १०० युनिट असलेल्या व्हायलसाठी केशरी. आपल्याकडे दोन्ही मिळतात, आणि घोळ इथेच होतो. १०० वालं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात जातात पन्नास. अडीचपट. उलट केलं तर वीसच्या जागी आठच जातात, आणि मग "नवं इन्सुलिन लागत नाही" ही तक्रार येते. मी व्हायल देताना सिरिंज सोबतच देते. गिऱ्हाईक "घरी आहेत" म्हणालं तर रंग विचारते. लोकांना ती चिकित्सा वाटते, वाटू दे.

पेनमधलं इन्सुलिन सिरिंजने काढू नका, टूजिओचं तर मुळीच नाही. त्यात एका मिलीलीटरला ३०० युनिट असतात, सिरिंजवरच्या रेघा तिथे निरर्थक. पेनच्या खिडकीत दिसतात ते युनिट आधीच मोजलेले आहेत. २४ फिरवले की २४. तीनने भागायचं नाही.

नव्या पेनची सुई दर वेळी नवी, आधी दोन-तीन युनिट हवेत सोडून थेंब येतो का बघा, बटण दाबल्यावर दहापर्यंत मोजा, मग सुई काढा. एनपीएच हलक्या हाताने घोळवून एकसारखं करायची सवय असते. ग्लार्जिन आणि डेग्लुडेकला घोळवण्याची गरज नाही. ती गढूळ दिसली तर वापरूच नका.

टोचल्यावर जरा चुरचुरतं. आधीचं नव्हतं चुरचुरत.

ग्लार्जिन आम्लधर्मी असतं, कातडीखाली गेल्यावर त्याचे बारीक कण होतात आणि तेच हळूहळू विरघळत राहतात. ती चुरचुर त्या आम्लाची, बहुधा दोन मिनिटांत जाते. त्याच कारणाने ग्लार्जिन दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये मिसळत नाहीत. लाली, खाज किंवा सूज दिवसभर टिकली तर मात्र दाखवा.

इंजेक्शनची जागाही बदलू का?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून मीच घातला. वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी टोचून तिथे मऊ गाठ तयार होते. आईच्या बेंबीच्या डावीकडे होती, हाताला भिजलेल्या चवळीच्या पुरचुंडीसारखी लागायची. टोचताना दुखत नाही, म्हणून लोकांना तीच जागा आवडते. तिथलं इन्सुलिन मात्र नीट शोषलं जात नाही. कधी अर्धं, कधी उशिरा. नवं इन्सुलिन सुरू करताना कोणी उत्साहाने ताज्या जागी टोचलं, तर तेवढेच युनिट एकदम जोरात लागू होतात आणि शुगर पडते. श्रेय किंवा दोष मिळतो नव्या इन्सुलिनला. गाठ असेल तर बदलाच्या आधीच डॉक्टरांना हात लावून बघू द्या.

डोस विसरलो. आता दोन्ही एकदम घेऊ?

नाही. दुप्पट कधीच नाही. ट्रेसिबा आठवेल तेव्हा घेऊन पुढच्या डोसमध्ये निदान आठ तास ठेवायचे असतात. ग्लार्जिनच्या बाबतीत किती उशीर चालेल हे आधीच विचारून पेनच्या डबीवर लिहून ठेवा. टाइप १ असलेल्यांनी, म्हणजे ज्यांच्या शरीरात स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही त्यांनी, बेसल वगळायचंच नसतं, अगदी ताप येऊन जेवण गेलं तरी.

श्रावणी सोमवार, एकादशी, चतुर्थी. कसं करायचं?

बेसल जेवणासाठी नाही, त्यामुळे तत्त्वतः उपासातही ते लागतंच. पण टाइप २ मध्ये, विशेषतः डोस गरजेपेक्षा थोडा जास्त चालला असेल तर, उपासाच्या रात्री शुगर पडते. उपासाच्या दिवशी किती कमी करायचं ते डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या. आणि साबुदाणा, रताळी, केळी यांना उपास म्हणणं शुगरला मान्य नाही!

चतुर्थीबद्दल माझं स्पष्ट मत: तातडी नसेल तर त्या आठवड्यात बदल सुरूच करू नका. नेवऱ्या, मोदक, पातोळ्या, पाहुण्यांकडचं खतखतं, जागरण, आरत्या संपता संपता रात्रीचे अकरा. असल्या दिवसांत शुगर चढली तर ती इन्सुलिनमुळे की नेवरीमुळे, कोण सांगणार? साधं जेवण, ठरलेली वेळ असे दोन आठवडे बघा. एरवीही, सकाळी पोदेराचा पाव आणि दुपारी उकड्या तांदळाचा भात-हुमण हेच प्रमाण पहिले काही दिवस तसंच ठेवा. इन्सुलिन आणि आहार एकाच दिवशी बदलू नका.

हुराकाचा सीझन आहे...

अर्धवट वाक्य टाकून हसणारे काका माझ्याकडे दर एप्रिलला येतात. दारू पचवण्यात गुंतलेलं लिव्हर रक्तात साखर सोडायचं काम बाजूला ठेवतं, आणि बेसल आपलं काम चालूच ठेवतं. काजूचा हुराक असो वा फेणी, पहाटेची लो शुगर अशी येते. नशा आणि लो शुगर बाहेरून सारखीच दिसते, म्हणून घरचे झोपू देतात. नवं इन्सुलिन बसेपर्यंत नकोच. नंतर डॉक्टरांनी परवानगी दिली तरी उपाशीपोटी नको.

पावसात वीज दिवसभर जाते. इन्सुलिन खराब होतं का?

न उघडलेलं २ ते ८ अंशांत. वापरातलं पेन ३० अंशांखाली बाहेर चालतं: ग्लार्जिन २८ दिवस, डेग्लुडेक आठ आठवडे. सुरू केल्याची तारीख पेनवर लिहा. वीज गेली तर फ्रिज उघडझाप न करता बंद ठेवा, काही तास सहज निघतात. मे महिन्यात मात्र आपल्याकडे घरातच ३० च्या वर जातं. इन्सुलिन ओल्या मडक्यात ठेवायची युक्ती कोरड्या हवेत छान चालते. गोव्याच्या दमट पावसाळ्यात पाणी उडत नाही, त्यामुळे गारवाही कमीच मिळतो. तेव्हा थर्मास, तळाशी बर्फ, मध्ये टॉवेलची घडी, आणि इन्सुलिन बर्फाला लागू न देता. फ्रीजरखालच्या कप्प्यात ठेवून गोठलेलं पेन वितळलं तरी टाकूनच द्यायचं.

चिठ्ठीवर लँटस आहे, मिळालं बेसालॉग. हाही बदलच?

दोन्ही ग्लार्जिन १००. बेसालॉग बेंगळुरूच्या बायोकॉनचं. त्याच कंपनीच्या ग्लार्जिनला अमेरिकेत सेमग्ली नावाने २०२१ मध्ये मूळ ब्रँडच्या जागी थेट देता येईल अशी मान्यता मिळाली, इन्सुलिनमध्ये ती पहिलीच. तेव्हा घाबरण्यासारखं नाही, पण आठवडाभर आकडे बघा आणि डॉक्टरांना कळवा. मी स्वतः विचारल्याशिवाय बदलून देत नाही. एका कंपनीचं कार्ट्रिज दुसऱ्या कंपनीच्या पेनमध्ये घालू नका. बसल्यासारखं वाटलं तरी डोस चुकतो.

मुलाकडे लंडनला चाललेय. वेळ कशी जुळवायची?

आपल्यापेक्षा तिथे साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. ट्रेसिबावर असाल तर सोपं, ग्लार्जिनवर असाल तर डोसची वेळ हळूहळू सरकवण्याचा तक्ता डॉक्टरांकडून घ्या. दुबईच्या दीड तासासाठी एवढं काही लागत नाही. इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका, चिठ्ठी सोबत. आणि बदल नुकताच झाला असेल तर तिकीट पंधरा दिवस पुढे ढकलता येतं का बघा.

त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कधी करायचा?

७० खाली दोनदा गेलं, किंवा ५४ खाली एकदाच. सलग दोनदा ३०० च्या वर. उलट्या, पोटात दुखणं, श्वास जोरात चालणं, तोंडाला फळासारखा वास; टाइप १ असेल तर हे दिसताच थेट इस्पितळ, फोनची वाट बघत बसू नका. चुकून दोन डोस गेले तरी लगेच फोन करा, लाजू नका.

आठवड्यातून एकदाच घ्यायचं इन्सुलिन आलंय म्हणे?

आयकोडेक. युरोपात त्याला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. बदलाचे नियम आणखी वेगळे, कारण एक चूक आठवडाभर पुरते.

जुनं पेन अर्धं उरलंय. फेकून देऊ? आणि सुया?

डॉक्टरांनी "जुनं पुन्हा लागू शकतं" असं सांगितलं असेल तर ठेवा, पण आणायला उठावं लागेल अशा जागी. शेजाऱ्याला देऊ नका, सुई बदलली तरी पेनमध्ये रक्ताचा अंश राहू शकतो. सुया कचऱ्याच्या पिशवीत नकोत, पंचायतीची कचरा उचलणारी बाई हातमोज्यांतून टोचली जाते. आईची सुयांची बाटली म्हणजे टॉयलेट क्लीनरची रिकामी निळी बाटली, वर मार्करने "सुया" लिहिलेली. भरली की झाकण घट्ट लावून मी दुकानात आणते आणि आमच्या दवाखान्याच्या कचऱ्याबरोबर पाठवते. तुमच्या जवळच्या आरोग्य केंद्रात घेतात का, एकदा विचारून बघा.